पुसलेली पाटी

भेंडाळवाडी, ता. नेवासा
४ फेब्रुवारी २०२५

रूथ,

सलाम. याच्या आधी 'प्रभूमध्ये' लिहायची आपली घरची रीत, पण तू ते खोडशील म्हणून मीच गाळलं. तू माझा फोन उचलत नाहीस. एकदा राधाकृष्णरावांनी उचलला आणि "ती भातात गेलीय" म्हणाले. जानेवारीत अकोल्यात भात कुठून आला, ते मी विचारलं नाही. थोरल्या बहिणीने सगळंच विचारू नये. म्हणून हे पत्र.

इकडे सगळं ठीक आहे. माझा गुडघा बोलतो, पण पेन्शनही वेळेवर येते. चर्चवर नवे पत्रे टाकले. परवा महिन्याचा पहिला रविवार होता आणि प्रभुभोजनाच्या आधी माझा जोएल मंडळीसमोर उभा राहिला.

पाटी पुसायची रीत तुला मी सांगायला नको. ती शेवटची तुझ्यासाठीच काढली होती, आणि तू उभी राहिली नाहीस. मधली वीस वर्षं ती बंदच होती. नवे पाळकसाहेब तरुण आहेत, उत्साही आहेत, त्यांना जुनं ते सोनं वाटतं. बोस्टनहून आलेल्या मिशनरी साहेबांनी लावलेली शिस्त मोडली म्हणून मंडळी ढिली झाली, असं त्यांचं मत. तेव्हा आता पुन्हा तेच. पाप केलं त्याने मेजाजवळ उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मंडळीने एकेक करून त्याला उजवा हात द्यायचा. हात दिला की पाटी पुसली. त्यानंतर त्या पापाचा उच्चार कुणी कुठेही करायचा नाही, घरात नाही, बाजारात नाही. करील तो मागच्या बाकावर, आणि प्रभुभोजन बंद.

जोएल रडला. सगळे रडले. मंडळीची सेवेकरी, डीकन म्हणून पहिला हात माझा होता.

काय केलं होतं, ते नियमाने मी लिहायचं नाही. पण तुला मंडळीने काढलेलं आहे, तेव्हा तुला सांगणं म्हणजे मंडळीबाहेर वाच्यता नव्हे, कुणालाच न सांगणं आहे, असा मी अर्थ लावला आहे. जन्म शाळेत गेला, नियमांचे अर्थ लावायची सवय आहे मला.

जानेवारीत एका पहाटे तो पिकअपमध्ये फ्लॉवर भरून श्रीरामपूरच्या मार्केटला निघाला होता. धुकं होतं. शिंगणापूरच्या फाट्याच्या अलीकडे एक माणूस रस्त्याच्या कडेने चालला होता, त्याला धक्का लागला. जोएल घाबरला आणि थांबला नाही. तो माणूस गेला. पोलिसांनी 'अज्ञात वाहन' लिहून घेतलं आहे.

आता मुलाच्या मनावरचं ओझं उतरलं, हे बरं झालं. तुझ्या तब्येतीचं कळव.

तुझी,
हन्नाताई


२३ फेब्रुवारी २०२५

रूथ,

कार्ड मिळालं. वीस वर्षांत पहिलं आणि त्यात दोन ओळी. "एक माणूस म्हणजे कोण? त्याला नाव नव्हतं का?"

तू लहानपणीही अशीच होतीस. सगळ्या ताटातला नेमका खडा तुझ्याच दाताखाली यायचा.

होतं नाव. सहादेव. आपल्या मळ्याच्या पलीकडच्या वस्तीवरचा. दोन म्हशी आणि थोडी जमीन, माणूस मुकाट. त्याची बायको रंगुबाई मला दूध घालते. तू गेलीस त्याच्या आधीपासून घालते, तुला आठवत असेल, तेव्हा ती नवी नवरी होती आणि किटली डोक्यावर आणायची. त्यांची मुलगी सृष्टी माझ्या हाताखाली शिकली. गणितात कच्ची, अक्षर मोत्यासारखं.

तेव्हा रोज सकाळी रंगुबाई दारात येते, दूध घालते आणि उंबऱ्यावर जरा टेकते. पूर्वी म्हशींबद्दल बोलायची, आता नवऱ्याबद्दल बोलते. मी पातेलं हातात धरून ऐकते. आतल्या खोलीत जोएल असतो.

काल म्हणाली, "बाई, पोलीस म्हनत्यात अज्ञात वाहन. अज्ञात कुनाला? मानसाला आसंल. शनीदेवाला अज्ञात हाय व्हय?"

दर शनिवारी ती चालत शिंगणापूरला जाते आणि तेल वाहते. मागणं एकच, ज्याने मारलं त्याला देवाने समोर आणावं. तिथे घरांना दारं नाहीत, चोरी केली तर देव सोडत नाही, या विश्वासावर गावं जगली आहेत. तिला पोलिसांची घाई नाही. "त्यो आपल्या पायानं यील," म्हणते.

मी म्हटलं, "येईल."

दुसरं काय म्हणणार होते? तिने जाताना असंही सांगितलं की डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणलं असतं तर वाचला असता. उसाची बैलगाडी येईपर्यंत तो तिथेच पडून होता. हे जोएलने मंडळीसमोर सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नसेल.

दूध उकळताना उतू गेलं. मी उभी होते समोर, तरी गेलं.

हन्नाताई


१७ मार्च २०२५

रूथ,

या वेळचं कार्ड आणखी लहान. "रंगुबाईला कोण सांगणार?"

मी पाळकसाहेबांना हेच विचारलं. इतक्या थेट नाही, जरा शाळामास्तरीण होऊन विचारलं, की ज्याच्याविरुद्ध पाप झालं तो मंडळीबाहेरचा असेल तर काय? ते म्हणाले, "हन्नाबाई, देवाने पुसलेलं आपण पुन्हा लिहायचं का?" चहा चांगला केला होता त्यांच्या मिसेसने. मी पिऊन आले. माणूस वाईट नाही. त्याला खरोखर वाटतं की त्या रविवारी आमच्या चर्चमध्ये स्वर्ग उतरला होता. मलाही वाटलं होतं, ते खोटं कशाला सांगू.

पण घरी येताना एक गोष्ट डोक्यात बसली ती उठेना. पाटी रंगुबाईची होती, आणि पुसली आम्ही.

तुला आणखी एक सांगते, म्हणजे तुला हसू येईल किंवा राग येईल. तू मंडळीबाहेरच्या एका भल्या माणसाशी लग्न केलंस, आणि 'चुकलं' म्हणाली नाहीस म्हणून तुला काढलं. माझ्या मुलाच्या गाडीखाली माणूस मेला, आणि तो नीट रडला म्हणून त्याला एका सकाळीत आत घेतलं. ही शिस्त मी जन्मभर पाळली. आता तिच्याकडे पाहिलं की लाज वाटते.

जोएलशी बोलले. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायला आठवडा घेतला. तो म्हणाला, "आई, सगळ्यांनी हात दिला ना? तू पण दिला. मग आता काय ऱ्हायलं?"

राहिलं ते असं. गावात करणचं नाव निघालं आहे. करण म्हणजे चौकातल्या गॅरेजशेजारी राहतो तो, टेम्पोवर खत वाहतो. त्याच्या टेम्पोचा डावा दिवा फुटलेला आहे. उसाच्या गाडीचं जू लागून फुटला, असं तो सांगतो, आणि ते खरंच आहे. जोएलने आपला दिवा त्याच दिवशी श्रीरामपूरला बदलून घेतला होता. करणला बदलायची घाई नव्हती, कारण त्याने काही केलं नव्हतं. फुटका दिवा घेऊन तो उघड सगळीकडे फिरला.

रंगुबाईचे दीर त्याच्या दारात जाऊन आले. तो म्हणाला, "मी शनीदेवाच्या म्होरं शपथ घ्यायला तयार हाय. कवा येऊ बोला." एकोणतीस तारखेला शनिवारी अमावास्या आहे. तेव्हा जायचं ठरलं.

रंगुबाई मला विचारत होती, "बाई, खोटी शपथ घेनाऱ्याला द्येव सोडत न्हाई ना?"

मी म्हटलं, "सोडत नाही." हे मी कोणत्या देवाबद्दल बोलले, मला सांगता येणार नाही.

हन्नाताई


३१ मार्च २०२५

रूथ,

शपथ झाली. मी गेले नव्हते, जाणं शोभलंही नसतं, पण रंगुबाईने सगळं सांगितलं. अमावास्येची गर्दी होती, राज्यभरातून लोक आले होते. करणने तेल वाहिलं, हात वर केला, आणि म्हणाला की सहादेवतात्याला मी धक्का दिला असेल तर देवाने मला उभं ठेवू नये. दिरांनी ऐकलं. रंगुबाईने ऐकलं. ती म्हणाली, पोराचा आवाज कापत नव्हता, आणि तिचं मन वळत आलं होतं.

येताना घोडेगावच्या अलीकडे त्याची मोटारसायकल वाळूवर घसरली. मांडीचं हाड मोडलं.

आता कुणाला काय सांगायचं? त्याने स्वतःच म्हटलं होतं, उभं ठेवू नये. देवाने ठेवलं नाही. संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला. दिरांनी त्याच्या टेम्पोच्या काचा फोडल्या. त्याच्या आईला दळण टाकायला गिरणीत कुणी उभं करत नाही. दीर आता नव्याने तक्रार द्यायला निघाले आहेत आणि त्याला दवाखान्यातूनच उचलतील असं म्हणतात. बिचाऱ्याने हात दाखवून अवलक्षण केलं.

आमच्या मंडळीतले सगळे हे बघत आहेत. सगळ्यांना ठाऊक आहे करणने काही केलं नाही. चौकातून जाताना सगळे खाली बघतात. एवढी शिस्तीची मंडळी मी पूर्वी पाहिली नव्हती.

काल उपासनेहून आल्यावर मी जोएलला समोर बसवलं. म्हटलं, पोरगा तुझ्या जागी पडलाय. तो मग म्हणाला, "आई, मी एक सांगितलं न्हाई तिथं."

धक्का लागल्यावर तो थांबला होता. पुढे जाऊन थांबला. आरशात बघितलं. सहादेवचा हात हलत होता. उठायला आधार शोधल्यासारखा. मग जोएलने गिअर टाकला.

मी त्याची आई आहे, रूथ. मी त्याला पोटाशी धरलं नाही आणि मारलंही नाही. उठून भांडी घासली. हे वाचून तू माझ्याबद्दल काय म्हणशील ते म्हण.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा आहे.

हन्नाताई


८ एप्रिल २०२५

रूथ,

रविवारी मी प्याला घेतला नाही. ताट पुढे दिलं, बस. शेजारी बसलेल्या आक्काने माझ्याकडे असं बघितलं की जणू मला ताप आहे.

घरी आल्यावर जोएलला सांगितलं, उद्या सकाळी दूध घ्यायला मी दारात जाईन तेव्हा रंगुबाईला सगळं सांगणार आहे. त्याआधी तुला जायचं असेल तर जा. तो म्हणाला, "देव विसरला आई, तूच का विसरत न्हाईस?"

म्हटलं, देवाचं देव बघेल. रोज सकाळी तिच्या हातून दूध मी घेते.

तो गेला नाही.

सोमवारी ती आली. किटली खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं, करणच्या तक्रारीचं सांगायला लागली. मी म्हटलं, रंगुबाई, करणने केलेलं नाही. माझ्या जोएलने केलं. इतकं वाक्य बोलून झालं आणि पुढे काय बोलायचं ते सुचेना. मुलांना सदतीस वर्षं निबंध शिकवले मी.

ती ओरडली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, छाती पिटेल, दगड घेईल. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही वाटत होती. तिने किटलीचं झाकण लावलं.

मग म्हणाली, "तुमाला कवाधरनं ठावं हाय?"

"फेब्रुवारीपासून."

"आन कुनाला?"

मी खरं सांगायचं ठरवलं होतं, तेव्हा सांगितलं. "मंडळीत सगळ्यांना. त्याने चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. आम्ही त्याला माफ केलं."

"तुमी?" ती म्हणाली. "तुमी माफ केलं?"

"हो."

ती बोटांवर घरं मोजायला लागली. आपल्या आळीतल्या सगळ्या घरी ती दूध घालते. आक्काकडे, पाळकसाहेबांकडे, त्या कोपऱ्यावरच्या यशयाकडे. "ह्यांना ठावं हुतं. ह्यांनाबी. म्या रोज तुमच्या दारात बसून रडले, बाई. तुमी पातेलं धरून हुब्या हुत्या." आणि मग, "त्यानं येकट्यानं मारलं. तुमी समद्यांनी मिळून पचवलं."



तिने किटली उचलली आणि गेली. दूध घातलं नाही. जोएल आत दाराआड उभा होता, सगळं ऐकलं त्याने. त्याने बाहेर यावं असं मला त्या क्षणी फार वाटत होतं. आला नाही. पण दुपारी अंघोळ केली, पांढरा शर्ट घातला आणि एकटाच पोलीस स्टेशनला गेला. मी सोबत येऊ का म्हटलं तर नको म्हणाला.

अक्षर चांगलं नाही. वाचून घे.

हन्नाताई


८ जून २०२५

रूथ,

तू आलीस, चार दिवस राहिलीस, स्वयंपाकघर आपल्या मनाने लावून गेलीस. मसाल्याचे डबे अजून सापडत नाहीत. तरी तू गेल्यावर दोन दिवस घर खायला उठलं होतं, हे सांगून टाकते. आता तू फोन उचलतेस, पण मला पत्राचीच सवय लागली आहे.

तू गेल्यानंतरची हकिगत. जोएलला जामीन झाला, ते तुला माहीत आहे. मला मागचा बाक दिला. पाळकसाहेब फार नरमाईने बोलले, म्हणाले, हन्नाबाई, फक्त उभ्या राहून 'नियम मोडला' एवढं म्हणा, सगळे हात देतील. मी म्हटलं, हात देतील याचीच मला काळजी आहे. त्यांना ते समजलं नाही. बाकाला पाठ नाही, बाकी तिथे वारा चांगला येतो. मागून तिसऱ्या रांगेतला यशया गेल्या रविवारी आपणहून येऊन माझ्याशेजारी बसला. 

करण अजून कुबडीवर आहे. रंगुबाई स्वतः त्याच्या घरी गेली, दिरांनाही घेऊन गेली. काचा भरून दिल्या. गावात आता असं म्हणतात की देवासमोर शपथ झाली म्हणूनच खरं बाहेर आलं. आमच्या मंडळीत म्हणतात की प्रार्थनेमुळे जोएलचं मन वळलं. श्रेय दोन्हीकडे वाटून झालं आहे. करणच्या मांडीत सळई आहे, तिचं श्रेय अजून कुणी घेतलेलं नाही.

खरं सांगायचं ते परवाचं. जोएल म्हणाला, "आई, मला तिच्याकडं जायचंय." मी सोबत गेले, पण वस्तीच्या बांधावर थांबले. म्हशी धुवायचं चाललं होतं. रंगुबाईने त्याला बघितलं आणि हातातली बादली खाली ठेवली. सृष्टी आत निघून गेली.

त्याने तिला सगळं सांगितलं. आरसा सांगितला. हलणारा हात सांगितला. मी बांधावरून ऐकत होते. माझा मुलगा रडत नव्हता. सरळ उभा होता आणि एकेक वाक्य सांगत होता, चुकलं तर मागे जाऊन पुन्हा सांगत होता. शेवटी म्हणाला, "काकू, माफी मागायला आलोय."

ती म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग म्हणाली, "हात हालत हुता?"

"व्हय."

"मंग न्हाई. म्या न्हाई माफ करनार. आज न्हाई, उद्या न्हाई. मरताना केलं तर केलं, त्येचं मला आत्ता ठावं न्हाई. जा तू."

तो वळला. बांधापर्यंत आला, माझ्याजवळ आला, आणि आम्ही चालायला लागलो. उन्हं डोक्यावर होती. मला वाटलं हा आता कोसळेल, आणि मी म्हातारी त्याला कुठे सावरू. ओढ्यापर्यंत आलो तेव्हा म्हटलं, "जोएल, बसायचं का?"

म्हणाला, "नको. बरं हाय मी." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "तिथं सगळे रडले, आई. पण माझं ऐकून कुणी काही इचारलं न्हाई. तिनं इचारलं."

मला रडू आलं, रूथ. ओढ्यात पाणी नव्हतं, वाळूत उभी राहून रडले. तो थांबला माझ्यासाठी.

मंगळवारी नेवाशाच्या कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, शिक्षा होईल, किती ते सांगता येत नाही. जोएल म्हणतो, होऊ दे. मी त्याच्याबरोबर जाणार. रंगुबाईही येणार आहे, सृष्टीने सांगितलं. त्या वेळेला आपल्या फाट्यावरून एसटी एकच आहे, आमची आणि तिची.

हन्नाताई